दोन्ही बाह्या डाव्या

मास्टरांनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या, त्या दिवशी शिवणाच्या दुकानात कोणी हसलं नाही. ही चूक शिकाऊ माणसाची. चौकड्यांचं कापड एकेरी कापावं लागतं आणि दुसऱ्या बाहीला कागदी नमुना उलटा ठेवायचा, एवढी साधी गोष्ट. मास्टर एकतीस वर्षं कात्री चालवत होते. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याचा कुठला खांदा उतरता आहे हे ओळखणारा माणूस! कापड वाया गेल्याचं कोणाला फारसं वाटलं नाही. वाईट वाटलं ते याचं, की मास्टर त्या बाह्यांकडे बघून नुसतं "असू दे" म्हणाले.

सुरुवात मानेपासून झाली. मानेच्या ऑपरेशननंतर दहा दिवसांपुरत्या दुखण्यावरच्या जालीम गोळ्या मिळाल्या. मान दुखायची थांबत नसे, पण दुखतंय याचं काही वाटेनासं व्हायचं. मास्टरांना ते भलतंच मानवलं. दहा दिवसांचे आठ महिने झाले. गोळीने पेंग येई, म्हणून ओळखीच्या ट्रक ड्रायव्हरकडून जागं राहायच्या गोळ्या आल्या. त्या गोळ्यांनी हात थरथरू लागले, जिभेला धार चढली, बायकोवर उगाच खेकसणं सुरू झालं. मग झोपेची तिसरी. बिचाऱ्या मेंदूला एक गोळी मागे ओढतेय, दुसरी पुढे ढकलतेय आणि तिसरी त्याच्या तोंडावर पांघरूण घालतेय.

याच काळात मास्टरांची आई गेली. मास्टर एकुलते एक, आईच्या शब्दाबाहेर कधी न गेलेले. त्यांनी सगळं नीट पार पाडलं, आल्यागेल्याची विचारपूस केली, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस. बायको मात्र मनातून हादरली होती.

बाह्यांची गोष्ट दुकानात शिलाई मशीनवर बसणाऱ्या मावशींनी तिच्या कानावर घातली. संध्याकाळी तिने गोळ्यांची तिन्ही पाकिटं टेबलावर मांडली.

"अहो, आई गेल्या तरी तुम्हाला काही झालं नाही. उद्या मी गेले तरी तुम्ही 'असू दे' म्हणाल. मला घरात माणूस हवाय."

दोन दिवसांनी दोघं डॉक्टरांकडे गेले.

"दुखणं आणि दुःख मेंदूत शेजारीच राहतात," डॉक्टर म्हणाले. "गोळी एकाचं दार लावायला जाते आणि दोन्ही लावून येते. एकदम सोडू नका, फार त्रास होईल. माझ्या देखरेखीखाली हळूहळू कमी करू. आणि आत दाबलेलं वर येईल, तयारी ठेवा."

तरी व्हायचे ते हाल झालेच. घाम, पायांची तडफड, विनाकारण चिडचिड. मास्टरांनी दोनदा खोटं बोलून जास्तीची गोळी घेतली आणि दोन्ही वेळा पकडले गेले. मग पाकीट बायकोच्या पर्समध्ये गेलं. मान पुन्हा ठणकू लागली. कण्हत का होईना, मास्टर कापत राहिले.

शेवटची गोळी घेऊन वीस दिवस झाले, तेव्हा एक म्हातारी जुना कोट अंगाबरोबर लहान करून घ्यायला आली. मास्टरांनी तिच्या खांद्यावर टेप ठेवली.

"हळू हं बाळा," ती म्हणाली, "नुसती हाडं उरलीत."

मास्टरांचा हात तिथेच थांबला. "आलोच" म्हणून ते कपाटामागे गेले आणि त्यांनी घरी फोन लावला.

"आई गेली गं," एवढंच त्यांना बोलता आलं. पुढे नुसते हुंदके.



"हो," बायको म्हणाली. "रडा तुम्ही. मी येतेय."