बेटावर घालायचे कपडे

माझा मामा शिंपी. आमच्याकडे त्याला सगळे 'पाव इंच' म्हणतात. कुठल्याही कपड्याला हात लावला की तो आधी म्हणतो, "पाव इंच चुकलंय." दुसऱ्या शिंप्याने शिवलेला असेल तर अर्धा.

शिक्षण संपवून, म्हणजे पुढे काही सुचेना म्हणून, मी त्याच्या घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात बसायला लागलो. काम सोपं होतं. मामा गिऱ्हाइकाच्या अंगावर टेप फिरवत आकडे मोठ्याने म्हणणार, मी लिहून घेणार. "छाती अडतीस. कंबर... श्वास सोडा साहेब. हां, कंबर चाळीस." पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्या माणसाला चारचौघांत उघडं पाडण्यात मामाला भारी गंमत वाटायची.

मामाची एकुलती एक मुलगी, आमची ताई, लांबच्या एका बेटावर नोकरी करते. बेट म्हणजे अख्खा देशच आहे तो. बारा महिने उन्हाळा, जिकडे बघावं तिकडे समुद्र. "या एकदा," असं ती कितीतरी वर्षं म्हणत होती. शेवटी ठरलं. थंडी सुरू झाली की मामा-मामींनी निघायचं आणि थंडी सरेपर्यंत तिकडेच राहायचं. पाहुणे म्हणून नाही, चांगलं घर मांडून.

झालं, मामींच्या अंगात बेट शिरलं. रोज सकाळी त्या तिकडचं हवामान मला मोबाइलवर बघायला लावायच्या. ताईला फोन करून नको नको ते विचारायच्या. ओटा केवढा उंच आहे? खिडक्या किती? पडदे आहेत का?

"पडदे नाहीत गं आई, कोण बघतंय इथे? समोर समुद्र आहे," ताई म्हणाली.

"समुद्र असला म्हणून काय झालं? मी आणते पडदे."

दुपारी मामा इस्त्री करायला लागला की मामी वाफेजवळ खुर्ची ओढून बसायच्या. तिकडची हवा अशीच दमट असते म्हणे. "सराव करतेय," त्या मला म्हणायच्या. घामाने चेहरा निथळत असायचा. मामा म्हणायचा, "अगं, तिकडे बेट आहे, धोबीघाट नव्हे."

मामाने कपडे शिवायला घेतले. स्वतःला दोन सदरे, मामींना पाच फुलाफुलांचे सुती गाऊन. मामींचं माप त्याने लग्नानंतर कधी घेतलं नव्हतं. घरच्या माणसाला टेप लावणं त्याला कमीपणाचं वाटायचं. ते माप त्याला तोंडपाठ होतं.

पहिला गाऊन झाला. मामी घालून बाहेर आल्या आणि दारातच गोल फिरल्या.

"अहो, हा तंबू कुणासाठी? तुम्हीपण माझ्याबरोबर यातच राहणार का?"

मामाचा चेहरा पडला. गाऊन पाव इंच नाही, चांगला चार बोटं सैल होता. त्याने मामींकडे बघितलं नाही. गळ्यातल्या टेपकडे बघितलं. कापडी टेप जुना झाला की ताणला जातो आणि मग त्याने कापलेलं सगळंच मोठं होतं, हे शिंप्याच्या धंद्यात कुणीही सांगेल. "टेपच मेला," मामा म्हणाला आणि मला नवा टेप आणायला पिटाळलं.

नव्या टेपने दुसरा गाऊन कापला. तोही सैल. मग कापडावर खापर फुटलं. हल्लीचं सूत इस्त्रीच्या वाफेने पसरतं म्हणे. तिसरा गाऊन त्याने कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून शिवला. तोही मामींच्या खांद्यावरून घसरायला लागला.

"राहू द्या हो," मामी म्हणाल्या. "गरम देश आहे, सैलच बरं."

"तुझा घरातला निळा गाऊन बरोबर बसतो ना? मीच शिवलाय. याच मापाचा."

"तो जुना आहे. अंगावर मुरलाय."

"गाऊन काय लोणचं आहे मुरायला? आण बघू इकडे."

मामी आणेनात. शेवटी मामानेच आत जाऊन तो दोरीवरून काढून आणला आणि नव्या गाऊनशेजारी कापायच्या टेबलावर उलटा करून पसरला.

आतून दोन्ही कुशींच्या शिवणींलगत हातशिलाई होती. निळ्या कापडावर पांढरा दोरा. वेडेवाकडे, कुठे लांब, कुठे आखूड टाके. एक ओळ, तिच्या आत दुसरी, तिच्याही आत तिसरी. शिंप्याच्या घरात जन्म काढून मामींना सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नव्हतं. निळ्यावर पांढरा दोरा बघून मामा आता खवळणार, असं मला वाटलं.

"हे कधीपासून?" त्याने विचारलं.

मामी निळा गाऊन ओढून त्याची घडी घालायला लागल्या.

"इकडे ये."

मामी समोर येऊन उभ्या राहिल्या. मामाने नवा टेप त्यांच्या छातीभोवती घेतला. मी सवयीने पेन उघडलं. मामाने टेपवर अंगठा दाबला, बघितलं, सोडला, पुन्हा घेतला. मग कंबर. मी वाट बघत होतो. मामा आकडा बोललाच नाही. टेप गळ्यात अडकवला आणि मामींच्या गाऊनची कॉलर सरळ करत राहिला, ती सरळच होती तरी.

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही जाणं रद्द केलं असतं," मामी म्हणाल्या. "मला वाटलं, तिकडे पोरीच्या हातचं खाईन, परत भरेन. मग कशाला सांगायचं?"

दुखणं पोटात होतं आणि बरंच पुढे गेलेलं होतं. डॉक्टरांनी आधी समजावून सांगितलं, मग न समजावता सांगितलं. विमानाचा विषय काढल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. दवाखान्यातून परत येताना मामी म्हणाल्या, "डॉक्टरांचा सदरा बघितलात? खांदे केवढे उतरलेत." मामाने "हं" केलं. सदऱ्याच्या उतरलेल्या खांद्यांबद्दल मामा "हं" एवढंच बोलला, तेव्हा मला खरी भीती वाटली.

मग मामाने उरलेले दोनही शिवले आणि मामी बेटाचे गाऊन घरातच घालायला लागल्या. मामा ते आत घ्यायचा. महिनाभराने पुन्हा उसवून आणखी आत. उरलेलं कापड मात्र त्याने कधी कापलं नाही. शिवणीत तसंच दुमडून ठेवायचा. त्या जाड शिवणी मामींना टोचायच्या, पण "कापून टाका" असं त्याही म्हणाल्या नाहीत.

निघायचं ठरलं होतं त्या दिवशी मामींनी सकाळीच खुर्ची मागितली. "सुरू करा वाफ," म्हणाल्या. मामाने इस्त्री तापवली आणि एकच सदरा पाणी मारून मारून इस्त्री करत राहिला. मी मोबाइल बघून तिकडचं हवामान सांगितलं. ऊन, थोडे ढग, वारा. मामींनी डोळे मिटले. त्यांना झोप लागली तरी मामाचा हात थांबला नाही. सदऱ्याला पिवळा डाग पडला तेव्हाच तो थांबला. आयुष्यात त्याच्या हातून जळालेला मी बघितलेला तो पहिला कपडा.

त्याच आठवड्यात ताई आली. मामी थंडी संपायच्या आत गेल्या.

परत जाताना ताई म्हणाली, "बाबा, चला ना. तिकीट आहे, खोली आहे. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी चला."

"खिडक्या किती म्हणालीस?" मामाने विचारलं.

"चार."

मामाने पाचही गाऊन काढले आणि शिवणीत दुमडलेलं सगळं कापड उसवून मोकळं केलं. इस्त्रीने घड्या जाता जात नव्हत्या. मग त्या कापडाचे त्याने पडदे शिवले. फुलाफुलांचे, प्रत्येक पडद्यात दोन-दोन गाऊनांचे तुकडे. निळ्या जुन्या गाऊनला त्याने हात लावला नाही. तो पांढऱ्या दोऱ्यासकट कपाटात ठेवला.

"पडदे ने," ताईला म्हणाला. "तिने कबूल केले होते."

"आणि तुम्ही?"

"माझं बघू."

अजून तो बघतोच आहे. ताईने फोटो पाठवला. खिडकी उघडी, वाऱ्याने पडदे पोटात फुगलेले, मागे समुद्राची पट्टी. मामाने चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघितला. आता पाव इंच काढणार, म्हणून मी वाट बघत होतो.

"वारा चांगला आहे तिथे," तो म्हणाला. "तिला मानवला असता."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. पोट आत ओढून उभं राहिलं. मामाने टेप घेतला, अंगठा दाबला आणि माझ्याकडे बघितलं. हल्ली तो आकडे बोलत नाही. मी उठतो, वाकून त्याच्या अंगठ्याखालचा आकडा वाचतो आणि लिहून घेतो.