सुई हलली नाही

गॅसच्या कंपनीत मी गुणवत्ता तपासनीस आहे. आमच्याकडे गुणवत्ता फाइलीच्या पाठीवर असते. आत नुसत्या सह्या.

बालाजी घाटामागच्या गल्लीत पाइपचा गॅस द्यायचा होता. गॅस सोडण्याआधी नव्या पाइपात हवा कोंबायची आणि चार तास थांबायचं. दाब दाखवणाऱ्या गेजची सुई उतरली नाही तर लाइन पास.

मी पोचलो तेव्हा ठेकेदाराचा सुपरवायझर तोंडात पान भरून खुर्चीत रेलला होता. "देखिए साहब, सुई हिली तक नहीं."

हलणार कशी? गेजखालचा कॉकच, म्हणजे हवेची चावीच, त्यानं बंद करून ठेवली होती. सुईचा पाइपशी संबंध तोडलेला. कोंडलेल्या चिमूटभर हवेवर ती प्रलयापर्यंत उभी राहिली असती. मला ते दिसलं, आणि मला दिसलं हे त्यालाही कळलं.

"कल फीता कटना है साहब," तो एवढंच म्हणाला.

आमच्या साहेबांनी झेंडूच्या माळा सांगून ठेवल्या होत्या. परत चार तास मागितले असते तर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या असत्या. त्या आठ्यांना भिऊन मी सही केली. पैसे घेतले नाहीत, हे नंतर मी स्वतःला कौतुकानं सांगत असे. फुकट विकला जाणारा माणूस त्या सुपरवायझरहूनही हलका, एवढंच त्यातून ठरतं.

या हिंदी मुलखातल्या गल्लीत आपल्यातलेच, मराठी बोलणारे एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांनी दारातूनच विचारलं, "तुम्ही तपासलंत ना?"

"हो काका. निर्धास्त राहा."

"झालं तर मग. सिलिंडर उद्याच परत करतो."

पंधरा दिवसांनी ते भाजीबाजारात भेटले. "ही म्हणते, वास येतो. डोकंही धरतं तिचं. मी म्हटलं, आपल्या माणसानं तपासलंय, तुझं नाकच म्हातारं झालंय!" आणि हसले.

मी पिशवी तिथेच टाकून धावलो. त्यांच्या खिडकीखालचा सांधा गळत होता. संध्याकाळपर्यंत तो बदलला आणि गॅस परत सुरू झाला. रिपोर्टात काय लिहायचं, हा प्रश्न साहेबांनी चहा पिता पिता सोडवला. "लिख दीजिए, बंदरों ने पाइप हिलाया. बंदर कौन-सा जवाब देने आएगा?" सगळी केबिन हसली. मीही हसलो, आणि त्या रिपोर्टाखालीही सही केली.

तिसऱ्या दिवशी काकांच्या घरी गेलो आणि कॉकपासून माकडांपर्यंत सगळं सांगितलं. काकू आत पलंगावर डोक्याला फडकं बांधून पडल्या होत्या.

काकांनी एकच विचारलं, "एक सांधा सापडला. बाकीचे?"

"माहीत नाही. चाचणी झालीच नाही ना."

ते उठले. आधी स्वतःच्या शेगडीचा व्हॉल्व्ह बंद केला, चपला घातल्या आणि शेजारचं दार ठोठावलं. आतून पुरीच्या तळणाचा वास येत होता. मग माझ्याकडे वळून, माझ्याशी आजवर कधी बोलले नव्हते त्या हिंदीत म्हणाले, "आप बोलिए."

मी म्हणालो, "गैस बंद कर दीजिए. लाइन की जाँच नहीं हुई है."

झारा हातात घेऊन आलेल्या बाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आपको कैसे मालूम?"

काका बाजूला सरकले.

"पास हमने ही की थी," मी म्हणालो.