पलटणीतून कॉलेजात

मॅट्रिक होऊन पलटणीत भरती झालेला कल्याणातला मी बहुधा एकटाच. सरहद्दीवर खांद्यात गोळी बसली, पलटणीतून नाव कमी झालं, आणि वडिलांच्या आग्रहावरून मी मुंबईच्या कॉलेजात नाव घातलं. ठाण्याला मामांकडे राहून जात असे.

पहिल्याच दिवशी प्रोफेसरांनी माझं नाव पुकारलं. मी ताडकन उठलो, टाचा जुळवल्या आणि "हाजिर, साहेब!" असा आवाज दिला की पुढच्या बाकावरच्या एकाची दौत लवंडली. वर्ग हसला. प्रोफेसर हसले नाहीत. म्हणाले, "बसा. इथे एवढं मोठ्यानं बोलावं लागत नाही." त्यानंतर मी इतका हळू बोलू लागलो की त्यांना प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारावी लागे.

मुलं वाईट नव्हती. मला 'सुभेदार' म्हणत. मी साधा नाईक होतो, सुभेदाराच्या कितीतरी खालचा. पलटणीत कुणी असं म्हटलं असतं तर भांडण जुंपलं असतं. इथे ते मानानं म्हणत. काय बोलणार?

ठाण्याची काही मुलं रविवारी तलावाकाठच्या देवळात वादसभा भरवीत. एकदा त्यांनी मला लढाईवर बोलायला उभं केलं. मी सांगितलं, घाटात पोचलो, पाणी नव्हतं, खेचरं मेली, चौघं जखमी, एक ठार. आणि बसलो. पलटणीत रपोट असाच देत.

"अहो, पण तुम्हाला काय वाटलं?" एकानं विचारलं.

मी पुन्हा उभा राहिलो. ठार झालेला माझ्या शेजारी झोपायचा. कोकणातला होता, झोपेत गायचा. हेच सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "हुकूम होता."

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी घाईघाईनं आभार मानले.

वर्गातही तेच. पुस्तकातलं विचारलं तर घडाघडा सांगे, "तुमचं मत काय?" म्हटलं की पुस्तकाची पानं उलटू लागे. वर्ष संपताना प्रोफेसरांनी मला थांबवून घेतलं.

"तुम्हाला सगळं येतं. मग बोलत का नाही?"

"जी, साहेब."

 ते टोपी उचलून निघून गेले.

परीक्षेत पास झालो, पण पुढे न शिकता कल्याणला घरी परतलो. वडिलांनी कारण विचारलं आणि ऐकायला ओटीवर बसले. मी आत जाऊन पाणी पिऊन आलो, तरी ते तिथेच बसलेले होते.