ढोरांचे आबा आणि सकाळचे रोगी

समोर आलेल्या माणसाला आबा आधी बस म्हणत नसत. त्याचा हात ओढून घेत, पंज्यामागची कातडी चिमटीत धरून वर उचलत आणि सोडून देत. मग ती किती सावकाश खाली बसते ते डोळे बारीक करून पाहत.

"बघ बे, तशीच उभी राह्यली. नुसतं डोकं न्हाई दुखत तुझं, अंगातलं पानी सरलंय."

ही रीत ढोरांची. बैलाच्या मानेची कातडी अशी ओढतात. तहानलेल्या जनावराची लवकर बसत नाही. आबा आमच्या दूध संस्थेत ढोरांचे ड्रेसर होते, म्हणजे मलमपट्टी करणारे, सुया टोचणारे. कुणी डॉक्टर म्हटलं की चिडत. "डॉक्टर शिकल्याला असतो. मी बघून बघून झालोय." मी त्याच संस्थेत कारकून. माझ्या टेबलावर कायम एखादं पुस्तक उघडं असे, म्हणून ते मला मास्तर म्हणत. मी मास्तर नव्हतो.

आबा या वैशाखात लेकीच्या गावी वारले. संस्थेनं शोकसभा घेतली. चेअरमन म्हणाले, आबांनी व्यसनमुक्तीचं मोठं काम केलं. लोकांनी माना हलवल्या. मी मागच्या रांगेत होतो, आणि रागानं माझे कान तापले. आबांनी आयुष्यात एकाही माणसाला दारू सोड म्हटलं नव्हतं. एकदा एका बाईनं नवऱ्याला त्यांच्यापुढं उभं केलं आणि शपथ घाला म्हणाली. आबा म्हणाले, "शपथ घालनं माझं काम न्हाई, बाई. ह्याला आज उभा करनं माझं काम." नंतर मी कारण विचारलं. "मास्तर, जनावर आजारी पडलं तर मी त्याला बोलत बसू का?"

खरं काय घडलं ते त्या सभेत बसलेल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून लिहितो.

दुष्काळाचं साल होतं. मांजरसुंब्याच्या अलीकडे माळावर संस्थेनं चारा छावणी घातली होती. गावोगावची माणसं आपली जनावरं घेऊन तिथं राहायला आली होती. त्या साली कारखान्यांना पुरेल एवढा ऊसच नव्हता, त्यामुळे पट्टा लवकर पडला, म्हणजे गाळप आटोपलं, आणि ऊसतोडीला गेलेली कुटुंबंही परत येऊन थेट छावणीत दाखल झाली. दिवसभर काम नाही, डोक्यावर पत्रा, समोर उघडा माळ. पाण्याचा टँकर दोन-दोन दिवस चुकायचा. फाट्यावरची दारू कधी चुकली नाही.

सकाळी आबांच्या तंबूपुढं जनावरांच्या रांगेत चार-दोन माणसं उभी असत. डोकं धरलेली, उजेड सोसत नसलेली. आबा गायीला टोचून झालं की माणसाकडे वळत. तीन प्रश्न ठरलेले.

"मुतलास का? पानी पोटात राह्यलं का? मी कोन, सांग."

"तुमी यमाचे मेव्हणे," एक जण म्हणाला.

"ह्याचं डोकं ठिकानावर हाय. पुढं चला."

मग तांब्याभर पाण्यात चिमूटभर मीठ, गुळाचा खडा. गटागटा प्यायचं नाही. घोट घेऊन थांबायचं, उलटी होत नाही असं पाहून दुसरा घोट. तासाभरानं ज्वारीच्या पातळ कण्या, ताक असेल तर ताक. मग सावलीत कुशीवर झोप. उपाशीपोटी गोळी मागितली की हात झटकत. "आधीच आतडं सोलून निघालंय. त्यात आनीक जाळ कावून?" आमच्याकडे सकाळी पुन्हा अर्धा ग्लास दारू घेऊन डोकेदुखी उतरवायची पद्धत. त्यावर आबा म्हणत, "आग इझवायला कडबा टाकतूस व्हय?"

"आबा, म्हशीला चढत आसंल का हो?"

"म्हस तुझ्याएवढी खुळी न्हाई. वास घेऊन मागं फिरती."

हसणं व्हायचं. पण तिसऱ्या प्रश्नाला, मी कोण याला, उत्तर आलं नाही तर आबांचा चेहरा बदलायचा. "मी कोन ते ज्याला सांगता येत न्हाई, त्यो माझा रोगी न्हाई. त्यो दवाखान्याचा." हा त्यांचा कायदा होता आणि छावणीत सगळ्यांना पाठ होता.

त्यातच संस्थेची निवडणूक आली. मतदानाच्या आदल्या दिवशी चाऱ्याच्या टेंपोतून दारूची खोकी उतरली. टँकर त्या दिवशीही आला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना चेअरमनांचा निरोप आला: दहापर्यंत सगळे सभासद उभे करा, जीप तयार आहे. आबांनी चुलीवर मोठं पातेलं चढवलं. माणसं एकेक करून उठली, कण्या प्यायली, जीपमध्ये बसून मतदानाला जाऊन आली.

अकराच्या सुमाराला सुदामची बायको धावत आली. सुदाम ऊसतोडीचा गडी, तिशीतला.

"आबा, कवाची हाका मारायलेय, बोलनात. हौदामागं पडलेत."

तो रात्री तिथंच पडला होता आणि सकाळपासून ऊन त्याच्यावर आलं होतं. लोक त्याला ओलांडून हौदातलं उरलंसुरलं पाणी जनावरांना पाजत होते. आबांनी कातडी ओढली, कपाळाला हात लावला, कानाशी वाकून विचारलं, "मी कोन? सुदाम, मी कोन?" सुदामनं डोळे उघडले आणि भलतंच काही पुटपुटला.

आबा जीपपाशी गेले. "गाडी द्या. बीडला न्यायचाय."

जीपपाशी उभा असलेला चेअरमनांचा कार्यकर्ता म्हणाला, "मतदानाची गाडी हाय, आबा. जास्ती झालीय त्याला. दुपारपस्तोर उतरंल. उतरली की आना, त्याचंबी मत ऱ्हायलंय."

"घामाचा टिपूस न्हाई अंगावर. तव्यावानी तापलाय. ही दारू न्हाई, हे ऊन हाय. दारूनं वाट केली आन् ऊन आत शिरलं."

हेच चेअरमन पुढच्या सीटवर होते. "आबा, आजच्या दिवशी राजकारण करू नका," एवढं म्हणाले आणि काच वर केली.

तेवढ्यात उसानं भरलेला चाऱ्याचा टेंपो फाटकातून आत शिरला. आबा त्याच्यापुढं आडवे उभे राहिले. ड्रायव्हरशी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. चारा उतरवायला वेळ नव्हता. हौदात पोती भिजवून त्यांनी उसावर अंथरली, चौघांनी सुदामला वर घेतलं, बायको पदरानं वारा घालत बसली आणि टेंपो बीडच्या दिशेनं निघाला. मी फाटकात उभा होतो. माझ्या हातात जनावरांच्या हजेरीचं रजिस्टर होतं. मी ते खाली ठेवलं नाही.

सुदाम वाचला. जनावरं मात्र संध्याकाळपर्यंत चाऱ्याविना हंबरत राहिली, आणि चेअरमनांना तेवढं निमित्त पुरलं. निवडणूक ते जिंकलेच होते. तरी आठवड्याभरानं त्यांनी मला बोलावून तक्रार अर्ज लिहायला लावला: सदर ड्रेसरने चारा अडवून मुक्या जनावरांचे अतोनात हाल केले. ज्या माणसानं चाळीस वर्षं मुक्या जनावरांच्या शेणामुतात हात घातले, त्याच्याबद्दल हे वाक्य मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून मला सांगितलं होतं.

खाली छावणीतल्या माणसांच्या सह्या घेतल्या. सही न करणाऱ्याची जनावरं छावणीबाहेर काढणार, असं कुणी उघड बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. आबांच्या कण्या प्यायलेला एकेक जण येऊन सही करून गेला. दवाखान्यातून परत आलेल्या सुदामनंही केली. त्यांची भीती मला समजते. दावणीची दोन जनावरं, एवढंच त्यांचं उरलं होतं. माझी मात्र मला आजही समजत नाही. मला ना गाय होती ना बैल. मी शेवटची सही केली.

कामावरून कमी केल्याचं सांगायला मीच तंबूत गेलो. आबांनी अर्ज बघायला मागितला. चष्मा लावला. अर्जाचा मजकूर त्यांनी वाचलाच नाही, सरळ सह्यांवर आले. नावावरून बोट फिरवत सुदामपाशी थांबले. मला वाटलं, आता शिवी येणार. यायला हवी होती.

"ही त्यानं सोता केली?"

"हो."

"हात धरला न्हवता कुनी?"

"नाही."

"बघा की. ओळ सरळ हाय, काना-मात्रा जाग्यावर." त्यांचा चेहरा उजळला. "मला घोर लागला व्हता, मास्तर. एवढा ताप डोक्यात गेल्यावर मानूस उठतो, पर समदा उठतोच आसं न्हाई. ह्यो समदा उठला."

मग त्यांचं बोट खाली सरकलं आणि माझ्या सहीवर थांबलं. बराच वेळ त्यांनी ती पाहिली, रोग्याकडे पाहावं तशी.

"तुमची हाललीय," ते हळू म्हणाले.

अर्ज माझ्या हातात दिला, पिशवी उचलली आणि एसटीच्या थांब्याकडे निघाले. सोबत जायला हवं होतं. एसटी आली, थांबली, गेली, तरी मी तंबूच्या दाराशी तो कागद उन्हात धरून माझंच नाव बघत उभा होतो.