राब, वणवा आणि माझी एआयमधली नोकरी

मुरबाडच्या एका कॉलेजात मी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर मराठी शिकवलं. तासिका तत्त्वावर म्हणजे दर जूनमध्ये नव्याने अर्ज करायचा, नव्याने मुलाखत द्यायची आणि समोरच्यांनी "आपण कुठल्या?" असं नव्याने विचारायचं. त्या समोरच्यांपैकी दोघांबरोबर मी वर्षभर डबा खाल्लेला असायचा. दहाव्या वर्षी मुलंच इतकी कमी झाली की मला कुणी काही विचारलंच नाही. वय छत्तीस, एम. ए. मराठी, टायपिंग येतं, एवढ्या भांडवलावर मी घरी बसले.

मग व्हॉट्सॲपवर शहापूरची जाहिरात आली. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्समध्ये करिअर करा. टेक्निकल बॅकग्राउंडची गरज नाही.' माझ्याकडे नसलेली गोष्ट कुणाला तरी नकोच आहे, हे वाचून मला इतकं बरं वाटलं की मी त्याच दिवशी अर्ज केला. नवरा म्हणाला, "फसवणूक असेल." मी म्हटलं, "नऊ वर्षं सरकारमान्य फसवणूक झाली, आता जरा खासगी बघते."

एआयचं ऑफिस फरशीच्या दुकानावर होतं. खाली गिऱ्हाइकं बाथरूमच्या टाइल्स बोटाने वाजवून बघायची आणि वर आम्ही बारा जण संगणकाला शहाणं करायचो. मला वाटलं होतं, एखादा रोबो तरी उभा असेल. एक पाण्याचा जार होता. काम असं की स्क्रीनवर आकाशातून काढलेला जमिनीचा चौकोनी फोटो यायचा आणि त्यात काय दिसतंय ते यादीतून निवडायचं. घर, रस्ता, पाणी, शेत, झाडी, जळालेलं जंगल. असे हजारो फोटो माणसांनी ओळखून दिले की मशीन आपलं आपण ओळखायला शिकतं म्हणे. थोडक्यात, मी पुन्हा शिकवायलाच लागले होते. हा विद्यार्थी निदान तास बुडवत नव्हता.

आमचा टीम लीड माझा जुना विद्यार्थी निघाला. अकरावीत मी त्याला निबंधाला दहापैकी तीन मार्क दिले होते, तेही दया येऊन. आता तो इंजिनियर होता आणि माझा साहेब होता. तो मला मॅडम म्हणायचा. मी त्याला सर म्हणायला हवं होतं, पण जीभ वळेना, म्हणून मी 'अहो'वर भागवलं. घरी एक अहो आणि ऑफिसात एक अहो, असं माझं चाललं होतं.

जानेवारी ते मार्च तीन महिने कच्चं आणि मग पक्कं, अशी अट होती. पक्कं व्हायला आमची उत्तरं वरून आलेल्या आदर्श उत्तरपत्रिकेशी शंभरात नव्वद तरी जुळायला हवीत. मला पक्कं व्हायचंच होतं. दर जूनला फाइल काखेत घेऊन बाकावर बसण्याचा मला वीट आला होता. शेवटची तारीख नसलेला एक कागद मला आयुष्यात एकदा तरी हातात घ्यायचा होता, आणि हे मी कुणापासून लपवलं नाही.

फेब्रुवारीत मागच्या उन्हाळ्यातले फोटो आले. हिरव्या-पिवळ्या जमिनीवर काळे तुकडे. उत्तरपत्रिका म्हणत होती, जळालेलं जंगल. आम्ही बाराच्या बारा जणांनी लिहिलं, शेत. कारण तो राब होता. भाताची रोपं जिथे करायची तेवढ्या तुकड्यावर शेण, झाडांचा टहाळ, पालापाचोळा अंथरतात, वरून माती पसरतात आणि उन्हाळ्यात ते सगळं भाजतात. तण मरतं, माती मऊ होते, मग पावसाला तिथे भात पेरतात. शहापूर-मुरबाडात हे कुणाला समजवावं लागत नाही. उत्तरपत्रिका करणारे मात्र कुठल्या तरी शहरात एसीत बसलेले, त्यांना काळं दिसलं की आग दिसायची. आमच्या अख्ख्या ऑफिसचे मार्क घसरले.

टीम लीड हळूच म्हणाला, "मॅडम, त्यांचं बरोबर म्हणू या ना. पक्के तरी होऊ."

नऊ वर्षांची मास्तरकी अंगात आली. मी राबावर चार पानांचं टिपण लिहिलं. त्याने त्याचं इंग्रजी केलं, माझी सगळी विशेषणं काढली आणि एक पान वर पाठवलं. दहा दिवसांनी उत्तर आलं की यादीत 'राब' असा नवा पर्याय घातला आहे, आणि त्याची उत्तरपत्रिका इथल्या स्थानिक तज्ज्ञांनीच करावी. स्थानिक तज्ज्ञ म्हणजे मी.

त्यानंतर मी जे वागले ते आठवलं की आजही कान गरम होतात. मी बाकीच्यांच्या खुर्च्यांमागे उभी राहायला लागले. "अरे, शेतकऱ्याच्या घरात वाढलायत ना तुम्ही?" असं म्हणायला लागले. एसटीत शेजारच्या बाईला, तिने न विचारता, एआय समजावून सांगितलं. सहाशेच्या वर फोटोंवर मी राब म्हणून शिक्का मारला. काळं दिसलं आणि शेजारी शेत दिसलं की राब. शंका आली तरी राब, कारण मी शेतकऱ्याची मुलगी.

आमच्याकडे मोबाइल दाराबाहेर टोपलीत ठेवायचा नियम होता. स्क्रीनवरचं काही बाहेर न्यायचं नाही, अशा कागदावर मी सहीही केली होती. पण मार्चच्या शेवटच्या शनिवारी मी माहेरी किन्हवलीला जाणार होते आणि आईला माझा पराक्रम दाखवल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. पदराआड मोबाइल आत नेला आणि पाच फोटो काढले.

आई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी मोबाइल तिच्यापुढे धरला. "बघ, हा राब. मी मशीनला शिकवला."

तिने मोबाइल हातभर लांब धरून पाहिला. "ह्यो राब नाय गो."

"राबच आहे. शेजारी शेत बघ."

"मधी झाड हाय. राबाच्या मधी झाड ठेवतं का कोनी? सावलीत रोप येल का?" तिने काळ्या भागावरून अंगठा फिरवला, तर फोटोच पुढे सरकला. मी मागे आणून दिला. "आनि ह्यो बघ कसा डोंगराला चढत गेलाय. राबाच्या कडंनी आमी सगळं साफ करतो, त्यो बाहेर जात नाय. ह्यो वनवा हाय."

दुसराही वणवा निघाला. तिसरा राब होता, तेवढ्याने मी जरा सरळ बसले. चौथ्याला ती म्हणाली, "ही तं वीटभट्टी." पाचव्याला तिने नुसती मान हलवली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

मी म्हटलं, "जाऊ दे, मशीनला काय कळतंय."

"मशीन काय करनार ह्याचं?"

"पुढे कुठे असं काळं दिसलं की राब म्हणेल."

"म्हन्जे डोंगर जळला तरी राबच म्हननार?" ती म्हणाली. "मंग लोक बोलतील, ह्यांचा राबच डोंगर जाळतो. आमच्या नावावर लावलास ना तू वनवा?"

मी त्या चार पानांत नेमकं उलटं लिहिलं होतं. राब म्हणजे आग लावणं नव्हे, ही माणसं जंगल जाळत नाहीत, असं घोळून घोळून लिहिलं होतं. आणि मग सहाशे फोटोंतून मीच त्यांच्यावर आळ घेतला होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी जेवायला नको म्हणाले. आईने वाढलंच, आणि मी जेवलेही.

पक्कं करण्याचे कागद बुधवारी येणार होते. रविवारभर मी एकच हिशेब केला की हे कुणाला कळेल? उत्तरपत्रिका मीच होते. माझी चूक पकडू शकेल अशी जगात एकच बाई होती आणि तिचा त्या कंपनीशी काही पत्रव्यवहार नव्हता. बुधवारपर्यंत गप्प बसायचं, पक्कं व्हायचं, मग सावकाश एकेक फोटो सुधारायचा, असंही ठरवून झालं. पण वणवा दरवर्षी लागतो आणि तेव्हा कुणाला तरी दोषी ठरवावं लागतं, हे मला चांगलं माहीत होतं. सोमवारी सकाळी मी टीम लीडसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

त्याने चुकीबद्दल काही म्हटलं नाही. मोबाइलचं ऐकल्यावर मात्र डोकं धरलं. "मॅडम, नुसतं चुकलं म्हणा ना. फोटोचं कशाला बोलताय?"

"कशावरून चुकलं, असं विचारतील."

"म्हणा, पुन्हा बघितल्यावर लक्षात आलं."

"नाही आलं लक्षात," मी म्हटलं. "पुन्हा दहा वेळा बघितलं असतं तरी आलं नसतं. आईला आलं."

तो बराच वेळ पेन उघडत मिटत राहिला आणि मग म्हणाला, "लिहून द्या." मी दोन्ही गोष्टी लिहून दिल्या. या वेळी विशेषणं घातलीच नाहीत.

बुधवारी सात जण पक्के झाले. मला एक ताकीद मिळाली, सहाशे फोटो पुन्हा तपासायला मिळाले आणि आणखी तीन महिने कच्चं राहायचं पत्र मिळालं. त्यावर शेवटची तारीख होती, अर्थात जूनचीच. पक्क्या झालेल्यांनी पेढे वाटले. रागाच्या भरात मी तीन खाल्ले.

परतीची एसटी किन्हवलीवरूनच जाते. मी मधेच उतरले. आई घरामागच्या परड्यात शेणाची पाटी बाजूला ठेवून टहाळाच्या मोळ्या मोजत होती, यंदाच्या राबासाठी.

"पक्की झालीस?"

"नाही. अजून तीन महिने बघणार आहेत."

"मला फोटू दाखवला म्हनून?"

"त्यामुळेही. आणि राब ओळखता आला नाही म्हणून."

ती मोळीवरच बसली. मग म्हणाली, "मीच येऊ दिलं नाय तुला. धा वर्सांची व्हतीस, शेनाची पाटी घेऊन यायचीस माज्या मागं. मी पाटी काढून घ्यायची आनि तुला घरात घालवायची. म्हटलं, हिला ह्यातलं काय बी येऊ नये. येत नसलं म्हन्जे कोनी हिला ह्यात घालनार नाय. नोकरी करंल."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मला वाटायचं, मलाच शेणाची किळस यायची म्हणून मी गेले नाही. इतकी वर्षं मी हे चारचौघांत हसत सांगत आले होते. मला तिथेच उभ्या उभ्या रडू आलं.

डोळे पुसून मी म्हटलं, "आता शिकव मला."

"कशाला? हौस म्हनून?"

"नाही. नोकरीसाठी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, थट्टा नाही ना याची खात्री करून घेतली.

"नोकरीसाठी आसंल तं शिकवते," ती म्हणाली, आणि पाटी माझ्या हातात दिली.