पिशव्यांचा फोटो बघायला ठाण्याला गेले

आम्ही दोघी जावा फोटो काढायला एकत्र शिकलो, आणि सरिताचा फोटो ठाण्याला प्रदर्शनात टीव्हीएवढा लागला हे मला सासूबाईंनी सांगायचं? ती बी.ए., मी सातवी, म्हणून? म्हटलं, जाऊन बघतेच.

आमच्या शिळफाट्याकडच्या मानपाड्याहून रस्त्याने जाणार असाल तर सातच्या आत निघा. मी साडेआठला निघाले. शिळफाट्याला बस अशी अडकली की सोबत आलेल्या शेजारच्या सुमनकाकूंची मेथीची जुडी निवडून संपली. ठाण्यात उतरून मिसळ खाल्ली. पाव गार, रस्सा झणझणीत. वरचा रस्सा मागा, फुकट देतात.

प्रदर्शन तलावपाळीच्या मागे, तिकीट नाही. आम्हाला फोटो शिकवणाऱ्या संस्थेच्या मॅडमनी काम दिलेलं: आपल्या दवाखान्यात लोकांचं कुठे अडतं त्याचा फोटो काढा, आणि काय केलं तर सोपं होईल तेही फोटोतच दाखवा. सरिताने केसपेपरच्या खिडकीसमोर ठेवलेल्या पिशव्यांचा फोटो काढलाय. त्यांच्यावर सकाळचं ऊन असं पडलंय की बघत राहावं. खोटं कशाला बोलू, मला तसा जमला नसता. तेच जळतंय. आणि खाली लिहिलंय, ‘विसरलेल्या पिशव्या. उपाय: कुलपाचं कपाट.’

काकू ओरडल्याच. "अगं बया, ही तर लाईन! निळी पिशवी माझी. विसरतेय कशाला, नंबर लावून पायरीवर बसलेले!"

सरिता तिथेच होती, हसली. "अहो काकू, फोटो बघा ना, किती छान आलाय!"

"बघतेय गं. तू लाईनीत कधी उभी राहिलीस ते सांग."

शेजारी उभ्या मॅडम म्हणाल्या, कपाट मंजूर झालंय, सोमवारी दवाखान्यात बसवणार.

म्हणजे पिशव्या कपाटात आणि गुडघेदुखीच्या बायका उन्हात उभ्या! याच कामासाठी मी आधी घरच्या भिंतीवर खिळे ठोकले होते, खडूने नंबर घातले, पिशव्या टांगल्या, खाली बाकड्यावर काकूंना बसवून फोटो काढला. काकूंचं डोकं अर्धं कापलं गेलं म्हणून मॅडमनी तो प्रदर्शनात लावलाच नाही. डोकं कापलं तर कापलं, बाई बसलेली दिसतेय ना?

परत यायला दोन तास लागले. पाय दुखतायत, सरिताचा फोटो डोळ्यांसमोरून हलत नाही. घरात तिचे पेढे वाटून झालेत, मी खाल्ला नाही.

मॅडम, मी इथे लिहिते ते तुम्ही वाचता, मला माहितेय. तिचा फोटो राहू दे प्रदर्शनात. पण कपाट की खिळे, ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला सांगा. आणि खिळे असतील तर खाली नाव कुणाचं, तेही.