गॅरेजमधल्या रेडिओवर आईची फर्माईश

न्यूझीलंडमध्ये टौरंगाला आमच्या शेजारी चिलीहून आलेल्या एक बाई राहतात. त्यांच्या गॅरेजमध्ये स्पॅनिश रेडिओ स्टेशन आहे. स्टेशन म्हटलं की काहीतरी भव्य वाटतं, पण ते ऐकू येतं आमच्या चार-पाच गल्ल्यांत आणि पलीकडच्या, किवीफ्रूट निवडून खोक्यांत भरणाऱ्या पॅकहाउसमध्ये. गाडी बाहेर उभी करायची आणि तिच्या जागी बसून बोलायचं, असा सगळा कारभार.

या स्टेशनचं रूप सारखं बदलायचं. सुरुवातीला दिवसभर नाचाची जुनी गाणी असत. मग बाईंना वाटलं, फळांच्या सीझनला चिली-अर्जेंटिनाहून कामाला येणाऱ्या तरुण मुलांना माहिती हवी. म्हणून व्हिसा, भाड्याच्या खोल्या, हवामान. ते ऐकून मुलं आणखीच उदास होत असावीत. नंतर फुटबॉल आला, तोही गेला. शेवटी कॉम्प्युटर गाणी निवडू लागला आणि बाई फक्त वेळ सांगू लागल्या. मी सीझनला त्याच पॅकहाउसमध्ये फळं निवडते. तिथे हेच स्टेशन लावलेलं असायचं, पण कुणी मान वर करून ऐकलंय असं मला आठवत नाही. बाई रोज न चुकता फोन नंबर सांगायच्या. फोन कुणी करायचं नाही.

मन लावून ऐकणारी एकच, माझी आई. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती, आणि स्पॅनिशचा तिला गंधही नव्हता. ओट्यावर रेडिओ लावून ती भाजी चिरायची.

"आई, तुला काय कळतं गं त्यातलं?" मी वैतागून विचारलं.

"न कळायला काय झालं? बाई खचलीय हल्ली. आवाजावरून कळतं."

मी हसण्यावारी नेलं. दोन दिवसांनी बाई कुंपणावरून फिजोआ फळांची पिशवी द्यायला आल्या आणि म्हणाल्या, सीझन संपला की स्टेशन बंद करतेय. किती रूपं बदलायची? पलीकडे कुणी ऐकतंय का, हेच कळत नाही.

मी आईला ते मराठीत सांगितलं. आई भडकलीच. "कुणी ऐकतंय का म्हणजे? मी काय करतेय रोज? सांग तिला! आणि म्हणावं, फर्माईश का नाही ठेवत?"

फर्माईश इंग्रजीत समजावताना माझी पुरेवाट झाली. आमच्याकडे पोस्टकार्डावर गाणं एक आणि नावं पंधरा असायची. आत्याच्या सासरचे लोकसुद्धा त्यात घुसवलेले. गाणं हे नुसतं निमित्त. आपल्या माणसांची नावं ऐकायला अख्खं घर रेडिओभोवती जमायचं. बाई ऐकत राहिल्या. त्यांच्या आजोळीही खाणीवर गेलेल्या माणसांना रेडिओवरून घरचे निरोप जायचे म्हणे.

आईने तिथल्या तिथे फर्माईश दिली. गाणं कुठलंही चालेल. नावं मात्र भाऊ, भावजया, दोन्ही मावश्या, सोसायटीतल्या भिशीच्या बायका! मी शरमेने अर्धी झाले.

"अगं, पुण्यात कुणाला ऐकू जाणार आहे हे?"

"त्यांना कशाला? मला ऐकायचीत."

मी नावं लिहून दिली आणि चहा टाकायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅकहाउसमध्ये गाणं मध्येच थांबलं. बाई अडखळत, पण एकेक नाव जपून वाचत होत्या. मावश्या आल्या, भिशी आली. मला हसू आवरेना. आणि सगळ्यात शेवटी माझं घरातलं नाव आलं, लाडाचं, या देशात फक्त आईच्या तोंडी असलेलं. ते मी लिहून दिलंच नव्हतं. मी आत गेल्यावर आईने खाणाखुणा करत हळूच सांगितलं असणार. समोरच्या सरकत्या पट्ट्यावरून फळं पुढे जात राहिली आणि मी चक्क रडत उभी राहिले.

शेजारी उभ्या असलेल्या चिलीच्या मुलीने विचारलं, "यू ओके?"

"माझी आई," मी रेडिओकडे बोट दाखवून इंग्रजीत म्हटलं.

चहाच्या सुट्टीत ती फोन घेऊन बाहेर गेली. सुट्टीनंतर रेडिओवर तिच्या आईचं नाव आलं, मग भावंडांची. सगळ्यांनी माना वर केल्या. दुपारपर्यंत बाईंचा आवाज पार बदलला होता.

तो सीझन संपला आणि स्टेशन सुरूच राहिलं. निरोपांतून गाणी लावायला वेळच उरत नाही, अशी बाईंची हल्ली तक्रार असते. आई पुण्याला परत गेली. आता दर रविवारी मी बाईंना फोन करते. गाणं कुठलंही सांगते, आणि पहिलं नाव आईचं.